मायना आणि मजकूर

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. जुलैचा शेवट होता, बाहेर पावसाची झड लागली होती. मधल्या सुट्टीत एक पालक बाई शिक्षकखोलीच्या दाराशी आल्या. प्लॅस्टिकच्या पिशवीतून जपून आणलेला एक कागद त्यांनी माझ्यापुढे ठेवला आणि विचारलं, "सर, इसमें क्या लिखा है?"

कागद आमच्याच शाळेचा होता, खाली मुख्याध्यापकांची सही होती आणि मजकूर माझा होता. मराठीतली सगळी पत्रं, सूचना, अर्ज माझ्याकडेच येतात. उर्दू शाळेत मराठी शिकवणाऱ्या माणसाचं ते न लिहिलेलं कामच असतं. मी लिहिलं होतं: 'उपरोक्त विषयान्वये कळविण्यात येते की, शिष्यवृत्ती योजनेच्या लाभास पात्र विद्यार्थ्यांच्या पालकांनी आवश्यक त्या दस्तऐवजांच्या साक्षांकित प्रती विहित मुदतीत कार्यालयात सादर कराव्यात, अन्यथा उद्भवणाऱ्या परिणामांस कार्यालय जबाबदार राहणार नाही.'

विहित मुदत चार दिवसांपूर्वी संपली होती. ती तारीख कागदावर नव्हतीच, फळ्यावर लिहिली होती. बाई उर्दूतून सातवी शिकलेल्या. मराठी अक्षरं त्यांना लागत होती, 'कार्यालय' हा शब्दही कळला होता. पण त्या कार्यालयात जाऊन आपण काय करायचं, हे त्या वाक्यातून त्यांना काढता आलं नाही. खरं सांगायचं तर ते वाक्य त्यांच्यासाठी लिहिलेलंच नव्हतं. ते लिहिताना माझ्या डोळ्यांपुढे मुख्याध्यापक होते, शिक्षणाधिकारी होते, उद्या कुणी फाईल उघडली तर ती पाहणारा साहेब होता. ज्यांच्या हातात कागद पडणार होता, त्या बाई मात्र नव्हत्या. त्यांच्या मुलीची त्या वर्षीची शिष्यवृत्ती गेली.

याच्या जेमतेम आठवडाभर आधी मी दहावीच्या उर्दूच्या तासाला मिर्झा गालिबची पत्रं शिकवली होती. उर्दू शिकलेल्या प्रत्येकाला ठाऊक असलेलं एक विधान त्या पाठासोबत येतंच: गालिबने 'मुरासला'चा 'मुकालमा' केला, म्हणजे पत्रलेखनाचं संभाषण करून टाकलं. हे मी पंधरा वर्षं मुलांकडून पाठ करून घेत होतो. दोन गुणांचा हुकमी प्रश्न. ते विधान नुसतं पाठ करण्याजोगं नाही, त्यामागे सत्तर वर्षांचा इतिहास आहे, हे मला त्या बाई गेल्यानंतर जाणवलं. मग मी तो इतिहास नीट वाचायला घेतला.

सुरुवात एका शब्दापासून करतो. मराठीत पत्राच्या आरंभीच्या औपचारिक भागाला आपण 'मायना' म्हणतो. तीर्थरूप, शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष वगैरे. हा शब्द अरबी 'माना' म्हणजे 'अर्थ' यावरून आलेला आहे. गंमत पाहा, पत्रातल्या ज्या भागात अर्थ सर्वांत कमी असतो, त्यालाच आपण 'अर्थ' हे नाव दिलं! आणि ज्या भागात खरं सांगणं असतं त्याला 'मजकूर' म्हणतो. तोही अरबीच, 'ज्याचा जिक्र केला आहे ते'. चिटणीस आणि फडणीस या शब्दांतला 'नीस' हा फारसी 'नवीस', म्हणजे लिहिणारा. शिवरायांच्या अष्टप्रधानांतल्या सुमंतांना 'डबीर' म्हणत, तोही फारसी 'दबीर', लेखनिक. दख्खनच्या दरबारांत फारसी ही कागदाची भाषा होती आणि तिच्यासोबत कागदाचे रीतिरिवाजही मराठीत आले.

या रीतिरिवाजांचं एक शास्त्रच होतं, त्याला 'इन्शा' म्हणत. राजाला कोणत्या उपाध्या लावायच्या, वजिराला कोणत्या, थोरल्या भावाला काय लिहायचं, थकबाकीदाराला काय, याचे नमुने देणारी पुस्तकं असत. मुन्शी ती घोकत. उपाध्यांना 'अलकाब' आणि अभिवादनाला 'आदाब' म्हणत. दोन्ही मिळून कधी कधी अर्धा कागद भरे. वाक्यांना यमकं, एका विशेषणाला जोड म्हणून दुसरं विशेषण, दुसऱ्याला सजवायला तिसरं. यावर हसणं सोपं आहे, पण मी हसत नाही. त्या व्यवस्थेत पत्राचं मुख्य काम निरोप पोचवणं हे नव्हतंच. लिहिणारा कोण, घेणारा कोण आणि दोघांत किती पायऱ्यांचं अंतर आहे, हे दाखवणं हे पत्राचं काम होतं. निरोप तर जासूद तोंडीही सांगू शकत असे. माझ्या त्या सूचनेतही हेच झालं होतं. ती निरोप देत नव्हती, पायरी दाखवत होती.

उर्दू गद्याला या जिन्यावरून पहिल्यांदा कुणी उतरवलं, याचं उत्तर जरा अडचणीचं आहे. इंग्रजांनी. १८०० साली कलकत्त्याला फोर्ट विल्यम कॉलेज निघालं, कंपनीच्या तरुण साहेबांना देशी भाषा शिकवायला. तिथे हिंदुस्तानी विभागाचा प्रमुख जॉन गिलख्रिस्ट. त्याने दिल्लीच्या मीर अम्मनला चार दरवेशांची जुनी कहाणी लिहायला सांगितली. ही कहाणी उर्दूत आधी होती. अता हुसेन खान तहसीन यांनी ती लिहिली होती आणि पुस्तकाचं नावच होतं 'नौ तर्ज-ए-मुरस्सा', रत्नजडित नवी शैली. रत्नं इतकी जडवलेली की कहाणी शोधावी लागे. गिलख्रिस्टचा आग्रह असा की दिल्लीचे लोक, हिंदू-मुसलमान, बायका-पुरुष, लहान-थोर, आपसांत जसे बोलतात तशी ही कहाणी यावी. १८०२ च्या सुमारास मीर अम्मनचं 'बाग-ओ-बहार' तयार झालं. आज उर्दूचा कुठलाही शिक्षक गद्याचा नमुना म्हणून आधी याच पुस्तकाकडे बोट दाखवतो.

यात इंग्रजांच्या उपकाराचा प्रश्न येत नाही. त्यांना राज्य करायचं होतं, त्यासाठी भाषा हवी होती, हे उघड आहे. मला त्यातली वेगळीच गोष्ट महत्त्वाची वाटते. वाचक बदलला म्हणून गद्य बदललं. ज्याला अलंकार कळणार नाहीत, पण बाजारात, कचेरीत, तंबूत बोललेलं कळायला हवं, असा वाचक समोर आला आणि मीर अम्मनला आपल्या शहराची रोजची बोली कागदावर उतरवावी लागली. तो वाचक परका होता, हा इतिहासाचा विनोद.

हे लखनौला रुचलं नाही. रजब अली बेग सुरूर यांनी १८२४ च्या सुमारास 'फसाना-ए-अजायब' लिहिलं. यमकांनी गुंफलेलं, नटलेलं गद्य. प्रस्तावनेत त्यांनी मीर अम्मनची टरही उडवली. आणि लोकांना सुरूरच आवडले. हे सांगायला हवं, कारण आपण इतिहास असा शिकवतो की जणू सोपं गद्य आलं आणि अवघड गद्य लाजून निघून गेलं. तसं झालं नाही. अवघड लिहिणाऱ्याला मान होता आणि साधं लिहिणाऱ्याला 'याला येतच नाही' असं म्हटलं जाई. आजही आमच्याकडे एखाद्या जलशात सोपं बोलणाऱ्या वक्त्यापेक्षा कळलं नाही तरी 'वाह' म्हणायला लावणाऱ्या वक्त्याला जास्त टाळ्या पडतात. मराठी सभेतही फार वेगळं असतं असं नाही.

या झगड्याचा माझा आवडता पुरावा एकाच माणसाच्या एकाच पुस्तकात सापडतो. सर सय्यद अहमद खान तेव्हा 'सर' नव्हते, दिल्लीत मुन्सिफ होते. दिल्लीच्या जुन्या इमारती, मशिदी, मकबरे, शिलालेख यांची त्यांनी पाहणी केली. कुतुबमिनारावरचे उंचावरचे शिलालेख वाचायला दोन बल्ल्यांच्या मध्ये शिंकं बांधून त्यात बसून ते वर जात. १८४७ साली 'आसार-उस-सनादीद' हे पुस्तक निघालं. एवढ्या मेहनतीने गोळा केलेली माहिती, पण भाषा दरबारी, फुलोऱ्याची. त्यात विद्वान मित्र इमाम बख्श सहबाई यांचा हात होता. ज्याने शिंक्यात लटकून अक्षर न् अक्षर उतरवून घेतलं, त्याचे ते कष्ट उपमांच्या ढिगाखाली दिसेनासे झाले.

सात वर्षांनी, १८५४ साली, दुसरी आवृत्ती आली. इमारती त्याच, लेखक तोच, पण आता भाषा सरळ. कोणती इमारत, कुणी बांधली, कधी बांधली, हे नीट लावलेलं. पुढे १८६१ मध्ये गार्सां द तासी यांनी तिचं फ्रेंच भाषांतर केलं आणि १८६४ मध्ये लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीने सय्यद अहमद यांना मानद सदस्यत्व दिलं. लेखन सुधारणं म्हणजे काय, हे मुलांना शिकवायचं असेल तर याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही. प्रतिभा वाढली नव्हती, ज्ञानही फार वाढलं नव्हतं. छापून झालेलं, नाव मिळवून दिलेलं स्वतःचं पुस्तक त्यांनी पुन्हा उघडलं आणि वाचकाला यातून काय हवं आहे हे पाहून बाकीचं खोडलं. आमच्यापैकी किती जण छापून आलेला लेख पुन्हा उघडतात? (मी माझ्या जुन्या लेखांकडे ढुंकूनही पाहत नाही. भीती वाटते.)

आता गालिबकडे येऊ.

मिर्झा असदुल्ला खान गालिब, जन्म २७ डिसेंबर १७९७, आग्रा. आयुष्य गेलं दिल्लीत, बल्लीमारान भागातल्या गल्लीत. स्वतःला ते फारसीचे कवी समजत, उर्दू शायरीलाही दुय्यम मानत, मग उर्दू गद्याची काय कथा! पत्रं ते फारसीतच लिहीत. इतकंच नाही, १८२५ च्या सुमारास मेहुण्याच्या सांगण्यावरून त्यांनी फारसी पत्रांसाठी अलकाब-आदाबचे नमुने लिहून दिले होते. ते पुढे 'पंज आहंग' या पुस्तकाचा पहिला भाग झाले. म्हणजे ज्या माणसाने पुढे मायना मोडून काढला, त्याने तरुणपणी मायन्याचं गाईडच लिहिलं होतं. मला हे फार आश्वासक वाटतं.

१८५० साली बहादूरशाह जफर यांनी त्यांना तैमूर घराण्याचा इतिहास फारसीत लिहायचं काम दिलं. महिना पन्नास रुपये आणि किताब 'दबीर-उल-मुल्क'. आपल्या डबीरांचाच शब्द. गालिबचे शागीर्द आणि चरित्रकार हाली सांगतात की या कामात फारसीची सगळी मेहनत खर्ची पडू लागली, म्हणून मित्रांना पत्रं लिहिण्यासाठी गालिब उर्दूकडे वळले. फारसी पत्र म्हणजे कलाकृती, तिला वेळ हवा, डोकं हवं. उर्दूत काय, बोलल्यासारखं लिहून टाकायचं! पगार ज्याचा मिळाला त्या इतिहासाचा पहिला भाग 'मेहर-ए-नीमरोज' म्हणून निघाला. आज तो फार तर संशोधक वाचतात. फावल्या वेळात लिहिलेल्या चिठ्ठ्या मात्र दहावीच्या मुलाला वाचाव्या लागतात, आणि तो त्या वाचताना हसतो.

दुसरं कारण टपालाचं. १८५४ पर्यंत पत्राचा आकार अंतरावर ठरे. त्या वर्षी नवा कायदा आला, तिकिटं आली आणि हलकं पत्र देशात कुठेही अर्ध्या आण्यात जाऊ लागलं. पत्र ही खास प्रसंगाची चीज राहिली नाही. आठवड्यात दोनदा लिहिता येऊ लागलं. आठवड्यात दोनदा लिहिणारा माणूस दर वेळी अर्धा कागद उपाध्यांत घालवू शकत नाही. शैलीचा इतिहास लिहिणारे दरबाराबद्दल पुष्कळ लिहितात, पोस्टमनबद्दल कमी लिहितात.

आणि तिसरं, सर्वांत मोठं कारण १८५७. सप्टेंबरात इंग्रजांनी दिल्ली परत घेतली आणि शहर रिकामं केलं. गालिबच्या गल्लीत पतियाळाच्या महाराजांचे वैद्य असलेले हकीम राहत असल्यामुळे तिथे महाराजांचा पहारा बसला आणि ते बचावले. भाऊ मिर्झा यूसुफ, जे वर्षानुवर्षं वेडाच्या आजारात होते, ते ऑक्टोबरात गेले. 'आसार-उस-सनादीद'ला हात लावणारे सहबाई आपल्या मुलांसह गोळीला बळी पडले. गालिबची पेन्शन बंद झाली, ती १८६० मध्ये सुरू झाली. हिंदूंना लवकर शहरात परतू दिलं गेलं, मुसलमानांना कितीतरी काळ परवान्याशिवाय प्रवेश नव्हता. ज्यांच्याशी रोज संध्याकाळी बोलायचं ते सगळे पांगले. मीर मेहदी मजरूह पानिपतला, कुणी लोहारूला, कुणी मेरठला. मुन्शी हरगोपाल तफ्ता, ज्यांना गालिब प्रेमाने 'मिर्झा तफ्ता' म्हणत, ते सिकंदराबादकडचे.

बोलायला माणूस उरला नाही, म्हणून कागदाशी बोलणं सुरू झालं. मुरासल्याचा मुकालमा झाला तो असा. परीक्षेच्या उत्तरात हे कुणी लिहीत नाही, मीही लिहून घेत नसे. ती शैलीतली करामत असल्यासारखी आम्ही शिकवतो. आग्र्याच्या मिर्झा हातिम अली मेहर यांना लिहिताना गालिबनी स्वतःच हा दावा केला आहे, त्यामुळे ती करामत आहेच. पण तिच्या मुळाशी एक रिकामी बैठक आहे.

पत्रं उघडून पाहिली की कळतं, ते काय करत. मायना बहुतेक वेळा एका शब्दाचा किंवा अजिबात नाही. थेट प्रश्नानेच सुरुवात, किंवा रागावून, किंवा उद्गाराने. मीर मेहदींना लिहिलेल्या एका प्रसिद्ध पत्रात तर ते मेहदींशी बोलतच नाहीत. जवळ बसलेल्या मीरन साहेबांशी त्यांचा संवाद चालू आहे, मेहदीला उत्तर लिहावं की नाही यावर. मेहदींनी पानिपतात बसून ते ऐकायचं, दाराआडून ऐकल्यासारखं. दुसरीकडे पाऊस येतो, छत गळतं, कुठे भांडं ठेवलंय ते सांगतात. पेन्शनचं काय झालं, आंबे आले का, डाक का उशिरा आली. पत्ता लांबलचक लिहू नका, नाव आणि दिल्ली एवढं पुरे, असं एकाला बजावतात. तारीख, वार, कधी कधी वेळसुद्धा लिहितात, जणू समोरच्याने घड्याळ बघून सोबत बसावं.

आणि मध्येच, त्याच आवाजात, दिल्लीचं उद्ध्वस्त होणं येतं. उर्दू बाजार, खास बाजार, खानम का बाजार नाहीसे झाले. जामा मशिदीच्या आसपासची घरं पाडली. विहिरींचं पाणी खारं झालं. कुठेही टाहो नाही. ज्याला लिहितोय त्याने ते बाजार पाहिलेले आहेत, म्हणून नाव पुरतं. आज १८५७ नंतरच्या दिल्लीचा इतिहास लिहिणाऱ्याला ही पत्रं टाळून पुढे जाता येत नाही. त्याच काळावर गालिबनी 'दस्तंबू' नावाची रोजनिशीही लिहिली, १८५८ मध्ये आग्र्यात छापली. अरबी शब्द टाळून घडवलेली शुद्ध फारसी, डोळा इंग्रज साहेबांच्या मर्जीवर. दोन्ही शेजारी ठेवून वाचा. माणूस तोच, दुःख तेच. एकात वाचक साहेब आहे, दुसऱ्यात मेहदी.

पण एक गैरसमज नको. गालिब सगळ्यांना सारखंच मोकळं लिहीत नव्हते. रामपूरचे नवाब १८५९ पासून त्यांना दरमहा शंभर रुपये देत. नवाबांना लिहिलेली पत्रं वेगळी आहेत. तिथे आदाब आहे, दुवा आहे, अंतर आहे. तफ्तांना शायरीतली चूक दाखवताना ते उस्ताद होतात, चिडतात, लगेच मऊही होतात. म्हणजे त्यांनी मायना फेकून दिला असं म्हणणं अपुरं आहे. कुणाला तो लागतो आणि कुणाला लागत नाही, हे त्यांना दर पत्रागणिक ठाऊक होतं. आम्ही शिक्षक मात्र 'औपचारिक पत्र' आणि 'अनौपचारिक पत्र' असे दोन साचे देतो आणि मुलं दोन्हीत सारखीच खोटी होतात.

१८५८ मध्ये तफ्ता आणि आग्र्याचे मुद्रक मुन्शी शिवनारायण आराम यांनी ही उर्दू पत्रं छापायची म्हटलं, तेव्हा गालिबनी नकार दिला. घाईगर्दीत लिहिलेलं ते, त्याने आपल्या नावाला बट्टा लागेल, अशी त्यांची समजूत. दोन हिंदू शागिर्दांना त्या चिठ्ठ्यांची किंमत कळली होती, उस्तादांना कळायची होती. पुढे ते राजी झाले. 'ऊद-ए-हिंदी' ऑक्टोबर १८६८ मध्ये मेरठहून निघालं. दुसरा संग्रह 'उर्दू-ए-मुअल्ला' दिल्लीत छापून झाला मार्च १८६९ मध्ये. गालिब १५ फेब्रुवारीलाच गेले होते.

यानंतरचं मी भराभर सांगतो. त्याच १८६९ मध्ये डेप्युटी नजीर अहमद यांचं 'मिरात-उल-उरूस' आलं. अकबरी आणि असगरी या दोन बहिणींची कहाणी. त्यांनी ती आपल्या मुलीला वाचायला म्हणून तुकड्या-तुकड्याने लिहिली होती. एक वाचक, घरातली, रोज पुढचा भाग मागणारी! सरकारने हजार रुपयांचं इनाम दिलं. नजीर अहमदांना म्हणी आणि वाक्प्रचार पेरायची भारी हौस, कधी कधी अति होते, पण बायकांची बोली त्यांच्याइतकी कानात असलेला लेखक विरळा. आणि २४ डिसेंबर १८७० ला इंग्लंडहून परतलेल्या सर सय्यद यांनी 'तहजीब-उल-अखलाक' सुरू केलं. अॅडिसन आणि स्टील यांच्या इंग्रजी नियतकालिकांचा नमुना त्यांच्या पुढे होता. शिक्षण, रूढी, धर्म, खाण्यापिण्याच्या रीती अशा विषयांवर छोटे निबंध. यांत ते गालिबसारखे मित्राशी बोलत नाहीत, न पटणाऱ्या समाजाशी वाद घालतात. म्हणून भाषा कोरडी होते, काही ठिकाणी कंटाळवाणीही. पण आपल्याला काफिर म्हणणाऱ्यालासुद्धा आपलं म्हणणं चुकीचं समजता येऊ नये, इतकी स्पष्ट. वाद घालायचा तर आधी कळलं पाहिजे, हे त्यांनी उर्दूला शिकवलं.

मराठी वाचकाला इथे काहीतरी ओळखीचं वाटेल. गालिबच्या उर्दू पत्रांची सुरुवात होत होती त्याच सुमारास, मार्च १८४८ पासून, मुंबईत भाऊ महाजनांच्या 'प्रभाकर'मध्ये 'लोकहितवादी' या नावाने पत्रं येऊ लागली. लिहिणारे गोपाळ हरी देशमुख, वय पंचविशीचं. १८५० पर्यंत १०८ पत्रं झाली, तीच 'शतपत्रे'. दिल्ली आणि मुंबईचा एकमेकांशी काही संबंध नव्हता. एकाची पत्रं खाजगी, दुसऱ्याची जाहीर. तरीही दोन भाषांना एकाच वेळी पत्र हाच घाट सापडावा, यात मला योगायोगापेक्षा जास्त काही दिसतं. ग्रंथ लिहिणाऱ्याला वाचक दिसत नाही. पत्र लिहिणाऱ्याला कुणाचं तरी नाव आधी लिहावं लागतं. लोकहितवादींच्या मराठीवर पुढे विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी कोरडे ओढले, 'निबंधमाले'त. सुरूरनी मीर अम्मनची केली तीच गत, फक्त चिपळूणकरांचं भांडण भाषेपुरतं नव्हतं. माझं मत विचाराल तर गद्याचा कारागीर म्हणून चिपळूणकर मोठे, पण आठवीच्या मुलाला आजही न अडखळता वाचता येतात ते लोकहितवादी.

आमच्या मुलांची अडचण यापेक्षा एका पायरीने जास्त आहे. घरी दखनी, शाळेत पुस्तकी उर्दू, मशिदीत अरबी कानावर, कचेरीत मराठी, मोबाईलवर रोमन लिपी. प्रत्येक भाषेत त्यांना कुणीतरी सांगतं की तुझी नेहमीची बोली इथे चालणार नाही. मग मूल कागद पुढे आला की घाबरून मोठे शब्द उचलतं. मीही तेच करत होतो. मराठी ही माझी नंतर कमावलेली भाषा. 'साक्षांकित' आणि 'विहित' लिहिताना मला वाटे, बघा, आम्हालाही येतं. त्या सूचनेतला अर्धा रुबाब कचेरीचा होता, अर्धा माझ्या न्यूनगंडाचा. मुसलमान शिक्षकाची मराठी जरा जास्तच शुद्ध असते, त्याचं कारण हे आहे.

पुढच्या वर्षी सूचना लिहायच्या आधी मी त्या बाईंना डोळ्यांपुढे आणलं. एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला उर्दू. 'तुमच्या मुलीला शिष्यवृत्ती मिळू शकते. त्यासाठी तीन कागद लागतील: उत्पन्नाचा दाखला, बँकेचं पासबुक, मागच्या वर्षीचं गुणपत्रक. झेरॉक्स काढून आणा. शेवटचा दिवस गुरुवार, २५ जुलै. दाखला नसेल तर आधी शाळेत या, कुठे मिळतो ते सांगतो.' मुख्याध्यापकांनी वाचली, चष्मा काढला आणि म्हणाले, "हे जरा घरगुती वाटत नाही का?" मी म्हटलं, वाटतं. थोडा वेळ त्यांनी कागद हातात धरला, मग वरती फक्त 'प्रति, मा. पालक' एवढं स्वतःच्या हाताने घातलं आणि सही केली.

तेवढा मायना मी राहू दिला.